डायल-अप रांगतंय? मोडेम बदलण्याआधी भिंतीतली तार तपासा

टेलिफोनच्या तारेवरून डायल-अप इंटरनेट लावताना ‘१,१५,२०० ला जोडले’ (सेकंदाला इतके बिट) असं स्क्रीनवर दिसलं तर हुरळून जाऊ नका. तो संगणक आणि मोडेम यांच्यातला वेग आहे. तारेवरचा खरा वेग हवा असेल तर मोडेमच्या सुरुवातीच्या आदेशात ‘डब्ल्यू२’ घाला. बहुतेक मोडेम मग खरा आकडा सांगतात.

तो आकडा नीट वाचला तर अर्धं निदान तिथेच होतं. ४५,३३३ किंवा ४९,३३३ असे आकडे व्ही.९० या ५६के पद्धतीचे. ३३,६००, ३१,२००, २८,८००, २६,४०० हे त्याआधीच्या व्ही.३४ चे. ५६के मोडेम असून रोज दुसऱ्या गटातलाच आकडा येत असेल, तर आधी इमारतीत ईपीएबीएक्स, म्हणजे इमारतीचं स्वतःचं छोटं टेलिफोन एक्स्चेंज, आहे का ते विचारा. व्ही.९० ला वाटेत अ‍ॅनालॉगचं डिजिटल एकदाच झालेलं चालतं. ईपीएबीएक्समध्ये ते बहुधा आणखी एकदा होतं, आणि मग ३३,६०० च्या वर जाता येत नाही. अशा वेळी वायरिंग कितीही सुधारा, उपयोग शून्य. थेट लाइनच हवी.

ईपीएबीएक्स नसेल तर दोष घराच्या आत की बाहेर, हे ठरवा. बाहेरची तार इमारतीत शिरते त्या डबीपाशी मोडेम न्या, आतलं सगळं वायरिंग सोडवा, छोट्या वायरने मोडेम थेट जोडा आणि तीन-चार वेळा डायल करा. इथे ४४,००० आणि खोलीत २६,४०० मिळत असेल तर चोर घरातच आहे.

जुन्या घरांत चोर ठरलेले असतात. पहिला, गंजलेला सांधा: नुसत्या पिळून टेप गुंडाळलेल्या तारा दमट भिंतीत हिरव्या पडतात. दुसरा, पीळ नसलेली चार तारांची किंवा चपटी वायर. विजेच्या वायरीला समांतर गेली की ती घरघर उचलते. तिसरा, न वापरातल्या सॉकेटकडे गेलेल्या लोंबत्या फांद्या. दूरध्वनी नसला तरी तेवढी तार जोडलेली राहते आणि सिग्नल तिच्या टोकावरून परततो. बोलताना हे कळत नाही, मोडेमला कळतं.

कानानेही बरंच समजतं. रिसीव्हर उचलून एक आकडा दाबा, डायल टोन थांबेल. त्या शांततेत खरखर म्हणजे सैल किंवा गंजका सांधा, संथ घूं-घूं म्हणजे विजेची वायर जवळ किंवा एक तार कुठेतरी ओल्या भिंतीला टेकलेली.

मल्टीमीटर असेल तर बाहेरची लाइन सोडवा, सगळी उपकरणं काढा. (लाइन जोडलेली असताना तारांना हात नको, घंटी वाजते तेव्हा त्यांवर ७५-९० व्होल्ट असतात.) दोन्ही तारांमधला रोध मेगाओहममध्ये यायला हवा. मग दूरच्या टोकाला दोन्ही तारा एकमेकींना जोडून पुन्हा मोजा: ०.५ मिमी तांब्याच्या ३० मीटर जोडीला साधारण ५ ओहम येतात. ४० आले, किंवा वायर हलवली की आकडा नाचला, तर सांधा खराब.

दुरुस्तीपेक्षा बगल देणं सोपं. त्या डबीपासून मोडेमपर्यंत पीळ असलेली एक अखंड जोडी टाका, मध्ये सांधा नको, विजेच्या वायरीपासून वीतभर लांब ठेवा आणि ओलांडावीच लागली तर काटकोनात. बाकीच्या फांद्या डबीतच तोडा. विजेच्या झटक्यापासून वाचवणारा जुना सर्ज प्रोटेक्टरही काढून पाहा. झिजलेला असला तर तोच सिग्नल खातो.

त्यानंतरही लाइन चढ-उतार करत असेल तर हट्ट सोडा. ४६,६६७ ला जोडून दर काही मिनिटांनी समोरच्या मोडेमशी पुन्हा जुळवणी करणारा मोडेम ३१,२०० वर स्थिर असलेल्या मोडेमपेक्षा हळू पडतो, कारण जुळवणी चालू असताना माहिती थांबते. मोडेमच्या पुस्तिकेत कमाल वेग बांधण्याचा आदेश असतो, तो वापरा. कॉल वेटिंगही डायल करण्याआधी बंद करा, त्याच्या टिंगटिंगने जोडणी तुटते.

डबीपाशीही वेग पडलेलाच असेल तर काम टेलिफोन कंपनीचं. तक्रारीत ‘इंटरनेट हळू’ लिहू नका, त्याची हमी त्या सहसा देतच नाहीत. ‘बोलताना खरखर येते’ असं लिहा, अर्थात ती खरोखर ऐकू येत असेल तर.