हिरव्या जाळीसमोरची बदामी खोली

कोथरूडमधील एका जुन्या सोसायटीत, दुसऱ्या मजल्यावरच्या घराचे रंगकाम मी गेल्या हिवाळ्यात घेतले, तेव्हा घरच्या काका-काकूंनी शेड कार्डावरच्या तीन बदामी छटांवर पेन्सिलने खुणा करून ठेवल्या होत्या आणि त्यांतली एकच छटा सगळ्या खोल्यांना लावायची, हेही ठरवून टाकले होते. कार्डावर तिन्ही जवळजवळ सारख्याच दिसत होत्या. प्रत्यक्षात एक पिवळ्याकडे, दुसरी गुलाबीकडे आणि तिसरी हिरवट करड्याकडे झुकणारी होती. पण हा झोक अंगठ्याएवढ्या तुकड्यात दिसत नाही. कोऱ्या पांढऱ्या कागदाशेजारी धरल्यावर तो थोडासा कळतो आणि चारही भिंतींवर चढल्यावर मात्र लपवता येत नाही, कारण समोरासमोरच्या भिंती एकमेकींवर आपला रंग टाकून तो अधिक दाट करतात.

जुन्या भिंतीवर नमुन्याचे पट्टे ओढायला मी कारागिरांना मनाई केली आहे, कारण आजूबाजूचा जुना रंग डोळ्यांना फसवतो. त्याऐवजी प्लायवुडच्या तुकड्यांना पुट्टी आणि प्रायमर लावून, कडेला पांढरी पट्टी सोडून, त्यावर दोन हात मारायचे आणि रात्रभर वाळू द्यायचे, अशी माझी पद्धत आहे. ओले इमल्शन वाळल्यानंतरच्या रंगापेक्षा फिकट दिसते, हे ठाऊक असूनही लोक ओल्या रंगावर निर्णय घेतात. दुकानातल्या टिंटिंग मशीनची, म्हणजे रंग मोजून मिसळणाऱ्या यंत्राचीही एक खोड आहे. बदामी छटेत पांढऱ्या बेसमध्ये पिवळा ऑक्साइड, थोडा तांबडा आणि नावापुरता काळा पडतो. एक लिटरच्या डब्यात ही मात्रा इतकी कमी असते की नोझलवर सुकलेला थेंबही छटा बदलतो. त्यामुळे लहान डब्याचा नमुना पसंत पडला तरी 20 लिटरच्या बादल्या आल्यावर मी पुन्हा तुकडा रंगवून पाहतो आणि एका खोलीच्या बादल्या पिंपात एकत्र ढवळल्याशिवाय रोलर हातात घेऊ देत नाही. दुकानदार याला माझा संशयी स्वभाव म्हणतो.

पश्चिमेच्या हॉलचा प्रश्न लवकर सुटला. तिथे संध्याकाळचे ऊन पिवळ्या छटेला भडक करीत होते, म्हणून हिरवट करडी छटा ठरली. अमेरिकेतील मुलाने फोनवरच्या फोटोत पाहून ती सिमेंटसारखी आहे असे कळवले. फोनचा कॅमेरा पांढऱ्याचा समतोल आपल्या मनाने बदलतो, हे मी त्याला समजावत बसलो नाही.

अडचण उत्तरेकडच्या झोपण्याच्या खोलीत आली. तीच करडी छटा तिथे शेवाळलेली दिसू लागली, आणि पिवळीही आजारी दिसत होती. खिडकीसमोरची इमारत पुनर्विकासासाठी पाडून तिथे नवे काम चालू होते, आणि परांचीवर वरपासून खालपर्यंत हिरवी जाळी ताणलेली होती. खोलीत थेट ऊन येतच नाही. येतो तो प्रकाश आकाशाचा आणि त्या जाळीवरून परतलेला. गुलाबी छटेचा तुकडा भिंतीला उभा टेकवताच तो नेमका बदामी दिसला, कारण जाळीच्या हिरवटपणाने त्यातला गुलाबीपणा मारला होता.

काकूंनी लगेच तोच सांगितला. काकांनी मात्र रात्री ट्यूब लावून मला पुन्हा बोलावले. ट्यूब 6500 केल्विनची (उजेडाच्या छटेचे हे माप; आकडा जितका मोठा, तितका उजेड निळसर), आणि तिच्या निळसर उजेडात तोच तुकडा उघड गुलाबी होता; उबदार 2700 केल्विनचा दिवा लावून पाहिला, तर पीच.

“जाळी काय कायमची आहे का? दोन वर्षांनी निघेल, आणि आम्ही गुलाबी खोलीत बसू,” काका म्हणाले.

काकूंनी शांतपणे उत्तर दिले, “तुम्ही इथे रात्री दिवा लावून वाचता. दिवसभर शिवणकाम करत मी बसते. मला ही दोन वर्षे काढायची आहेत.”

दोघांचेही म्हणणे बरोबर होते आणि माझ्याजवळ दोघांना पुरेल अशी छटा नव्हती. मुळात जाळी उतरल्यावर पूर्वीचा उजेड परत येणार, हेच काकांनी गृहीत धरले होते. तिथे जुन्या इमारतीपेक्षा उंच इमारत उभी राहते आहे, म्हणजे आकाशाचा वाटा कमी होणार आणि समोरच्या नव्या भिंतीचा वाटा वाढणार. शेवटी खोलीला गुलाबी छटा दिली, छत स्वच्छ पांढरे ठेवले आणि ट्यूबच्या जागी 4000 केल्विनची लावली, म्हणजे रात्रीचा गुलाबीपणा काकांना थोडा सोसेल. तीनही तुकडे, मागे फॉर्म्युल्याचे लेबल चिकटवून, कपाटामागे ठेवून आलो आहे.

काम संपवून निघताना समोरच्या इमारतीला बाहेरून कोणता रंग लागणार आहे, हे मी तिथल्या वॉचमनला विचारले. त्याला ठाऊक नव्हते, आणि साइट इंजिनिअर म्हणाला की ते अजून ठरायचे आहे.