गुहेत शिरण्यापूर्वीचे पाच महिने

गेल्या फेब्रुवारीत मेघालयातील सोहरा, म्हणजे आपल्या शाळेच्या भूगोलातील चेरापुंजी, येथील क्रेम मावम्लूह या गुहेत मी पाच तास काढले. खासी भाषेत क्रेम म्हणजे गुहा. त्या पाच तासांच्या तयारीत आधीचे पाच महिने गेले आणि ही तयारी मला वाटली होती त्याहून फार वेगळी निघाली, म्हणून ती सविस्तर लिहीत आहे.

मी ठाण्याजवळच्या कळव्याचा. पारसिकचा १९१६ साली सुरू झालेला, सुमारे सव्वा किलोमीटरचा बोगदा लहानपणी जलद लोकलने पार करताना डब्यातले दिवे गेले, तर मी आईचा पदर घट्ट धरत असे. पुढे वीस वर्षे सह्याद्रीत भटकलो, किल्ल्यांवरच्या गुहांमध्ये रात्री मुक्काम केला, येऊरच्या डोंगरापलीकडची कान्हेरीची लेणी कितीदा तरी पाहिली, आणि त्यामुळे गुहा या विषयात आपल्याला बरेच कळते, अशी माझी समजूत झाली. वास्तविक कान्हेरी काय किंवा कोंडाणे काय, ती माणसाने छिन्नीने कोरलेली दालने आहेत. तेथे उजेड आत येतो आणि वाट चुकण्याचा प्रश्न नसतो. आपला कातळ लाव्हारसाचा, म्हणजे बेसॉल्टचा असल्यामुळे पावसाच्या पाण्यात तो चुनखडकासारखा विरघळत नाही. मेघालयात चुनखडकाचे जाड थर आहेत. पावसाचे पाणी मातीतून झिरपताना तेथील कार्बन डायऑक्साइड शोषून किंचित आम्लधर्मी होते आणि खडकातील भेगा हजारो वर्षे रुंदावत नेते. अशा गुहेला योजलेला आकार नसतो. पाण्याला जिथे वाट मिळाली तिथे ती वळते, आणि त्या वळणांतून माणसाने सरपटत जायचे असते.

हे समजण्याआधीच मी सरावाला लागलो होतो. ऑक्टोबर आणि नोव्हेंबरचे रविवार मुंब्र्याच्या डोंगरातील कातळावर गेले. दोरावरून उतरणे, म्हणजे रॅपलिंग, मला येत होते. जुमार, म्हणजे दोराला घट्ट पकडणारे आणि फक्त वर सरकणारे साधन, लावून त्याच दोरावरून वर चढणे मात्र नवे होते, आणि पहिल्या दिवशी पंधरा फुटांवर मी अर्धा तास लोंबकळत राहिलो. खोल विवरांसाठी हे कौशल्य अनिवार्य आहे, पण मी जाणार होतो ती वाट आडवी होती आणि तीत दोर एकदाही लागला नाही. कुठल्या गुहेत जायचे हे आधी ठरवून मगच सराव ठरवावा, एवढी साधी गोष्ट मला आमच्या प्रशिक्षकांनी विचारल्यावर सुचली. “तुमची अडचण उंचीची आहे की अरुंद जागेची?” असा त्यांचा प्रश्न होता आणि माझ्याकडे प्रामाणिक उत्तर एकच होते.

त्यानंतरचा सराव घरातल्या दिवाणाखाली झाला. दिवाणाखालची उंची मी मोजली, ती ३४ सेंटिमीटर भरली. हेल्मेट घालून तेवढ्या जागेत शिरायचे तर मान एका कुशीला वळवावी लागते, एक हात पुढे आणि दुसरा अंगालगत मागे ठेवावा लागतो, आणि छाती अडकली तर जोर न लावता श्वास सोडून, छाती जराशी खाली बसली की पायाच्या चवड्यांनी पुढे सरकावे लागते. पहिल्या आठवड्यात दोन मिनिटांत घाम फुटून मी बाहेर येत असे. डिसेंबरअखेर दिवे मालवून वीस मिनिटे शांत पडून राहणे जमू लागले, तेव्हा इमारतीच्या गच्चीत विटांवर फळी टाकून ही उंची २८ सेंटिमीटरवर आणली. आमच्या वॉचमननी दोन दिवस हे मुकाट्याने पाहिले आणि तिसऱ्या दिवशी घरी येऊन आईला माझ्या तब्येतीविषयी विचारले. “अरे, बिळात शिरायला एवढे पैसे मोजायचे का?” हा आईचा प्रश्न तर रोजचाच होता.

सामानात सर्वांत महत्त्वाचे म्हणजे उजेड. प्रत्येकाकडे एकमेकांपासून स्वतंत्र असे तीन दिवे हवेत, हा जगभर पाळला जाणारा नियम आहे. सुती कपडे भिजले की अंगातील ऊब शोषून घेतात, म्हणून ते घरीच ठेवायचे. पावसाळ्यात गुहांमध्ये अचानक पूर येतो, त्यामुळे कोरड्या महिन्यांतच जायचे. आणि आत शिरण्यापूर्वी बाहेरच्या कुणाला तरी परतण्याची वेळ सांगून ठेवायची. आम्ही राहत होतो त्या घराच्या मालकांना दुपारी चारची वेळ दिली होती. त्यानंतर त्यांनी गावात खबर द्यायची होती.

आम्ही चौघे आणि गावातील दोन मार्गदर्शक, असे सकाळी साडेदहाला आत गेलो. कमरेएवढे थंड पाणी, मग चिखल, मग छत इतके खाली की दिवाण आठवला. दर वळणावर मार्गदर्शक आम्हाला मागे वळून पाहायला लावत, कारण परतताना तीच वाट अनोळखी दिसते. दुसऱ्या तासात माझा हेल्मेटवरचा दिवा विझला. चूक माझीच होती. नव्या सेलांबरोबर मी एक जुना सेल घातला होता आणि दुसरा दिवा गळ्यात अडकवण्याऐवजी पिशवीच्या तळाशी ठेवला होता. माझ्या हातात दिवा येईपर्यंत कुणीही पाऊल उचलले नाही. त्या दहा मिनिटांत छतावरून टपकणाऱ्या थेंबांखेरीज आवाज नव्हता. याच गुहेतील एका ऊर्ध्वमुखी लवणस्तंभाच्या थरांवरून सुमारे ४,२०० वर्षांपूर्वीच्या मोठ्या अवर्षणाचा माग लागला आणि २०१८ मध्ये भूशास्त्रज्ञांनी तेव्हापासून आजवरच्या कालखंडाला ‘मेघालयन’ हे नाव दिले, हे मी वाचून गेलो होतो. तो स्तंभही अशाच थेंबांनी घडला असणार, हे मात्र अंधारात बसल्यावर ध्यानात आले. बोटांच्या तेलकटपणाने अशा स्तंभांची वाढ खुंटू शकते, त्यामुळे परतीच्या वाटेवर तोल जात असतानाही मी हात छातीशी धरला आणि गुडघा फोडून घेतला.

साडेतीनला आम्ही बाहेर आलो. घरमालक फाटकाशीच उभे होते आणि त्यांच्या हातात घड्याळ होते. मी कळव्याला फोन केला, तेव्हा आईने गुडघ्याची चौकशी करण्याआधी दिवाण पुन्हा भिंतीला लावू का, असे विचारले. मी तिला नको म्हणालो.