वजनकाट्याचा संगणक आणि बायोस

धरणगावकडच्या एका जिनिंगमधून, म्हणजे कापसातली सरकी काढणाऱ्या कारखान्यातून, सकाळीच फोन आला. वजनकाट्याचा संगणक बंद, बाहेर कापसाच्या गाड्यांची रांग. संगणक मध्येच हँग होतो म्हणून आदल्या रात्री कुणीतरी मदरबोर्डचं बायोस, म्हणजे संगणक सुरू होताना सगळ्यात आधी चालणारं सॉफ्टवेअर, अपडेट केलं होतं. तेव्हापासून विंडोज सुरूच होईना. त्या माणसाने बोर्डावरचा सेलही काढून पाहिला आणि हार्डडिस्क गेली, फॉरमॅट मारावं लागेल, असं सांगून गेला.

गेटवरच एका शेतकऱ्याने गाठलं. "काय व्हयनं भाऊ? मनी गाडी काल खाली व्हई गई, वजन त्या मशीनमाच शे."

त्याची काळजी रास्त होती. काट्यावर आधी भरलेली गाडी मोजतात, कापूस उतरला की रिकामी. फरक तेवढा माल. काही गाड्यांचं भरलं वजन त्या डिस्कवरच होतं आणि कापूस तर ढिगात मिसळलेला. फॉरमॅटनंतर ते वजन आणायचं कुठून? हाती आलेल्या प्रत्येक बंद संगणकावर फॉरमॅटच सुचवणं मला मुळीच पटत नाही.

बायोसच्या सेटिंगची पानं, म्हणजे सेटअप, उघडला. डिस्क नावासकट, क्षमतेसकट दिसत होती, म्हणजे ती पार गेलेली तरी नव्हती. बायोस अपडेट डिस्कला हात लावत नाही, पण सेटिंग मूळपदावर नेऊन ठेवतं. इथलं विंडोज ७ जुन्या पद्धतीने, एमबीआर नावाच्या जुन्या मांडणीच्या डिस्कवर बसवलेलं, आणि अपडेटनंतर सीएसएम, म्हणजे जुन्या पद्धतीने सुरू होऊ देणारी सोय, बंद होऊन फक्त यूईएफआय ही नवी पद्धत उरली होती. सीएसएमची ओळ फिकट, तिच्यावर काही चालेना. आधी सिक्युअर बूट, म्हणजे फक्त सही असलेली प्रणालीच सुरू होऊ देणारं सेटिंग, बंद केलं, मग ती ओळ उघडली आणि सीएसएम चालू केलं. सेव्ह केलं, विंडोज आलं. कालच्या नोंदी जागेवर होत्या.

वजन मात्र येईना. काट्याच्या इंडिकेटरची, म्हणजे वजनाचा आकडा दाखवणाऱ्या पेटीची, केबल नऊ पिनांच्या सिरीयल पोर्टला लागते आणि सॉफ्टवेअर कॉम १ या नावाच्या पोर्टवर वजन शोधतं. विंडोजच्या डिव्हाइस मॅनेजरमध्ये, म्हणजे जोडलेल्या भागांच्या यादीत, दिसत होता कॉम २. बायोसमध्ये पोर्टचा पत्ता 'ऑटो'वर जाऊन २एफ८ झालेला. तो कॉम १ चा नेहमीचा ३एफ८ केला आणि आयआरक्यू, म्हणजे पोर्टने प्रोसेसरला हाक मारायचा क्रमांक, ४ केला. कॉम १ परत आला. पोर्टवर येणारा मजकूर दाखवणारा टर्मिनल प्रोग्रॅम उघडून ऑपरेटरला काट्यावर उभं केलं; शून्यांच्या ओळी सरकत होत्या, त्या एकदम ७० वर गेल्या.

पावत्या काढण्याआधी तारीख पाहिली. सेल काढल्यामुळे घड्याळ कित्येक वर्षं मागे गेलेलं. चुकीच्या तारखेची पावती हिशेबाला काय उपयोगाची? मीटरवर सेल २.६ व्होल्ट दाखवत होता, तो ३ व्होल्टचा असायला हवा. त्याच मापाचा नवा सीआर२०३२ सेल बसवून तारीख-वेळ लावली.

मग त्या शेतकऱ्याची रिकामी गाडी काट्यावर घेतली. निघण्याआधी सेटअपच्या प्रत्येक पानाचा फोटो ऑपरेटरच्या मोबाईलवर काढला आणि सीएसएम, कॉम १, ३एफ८ हे कॅबिनेटच्या आतल्या बाजूला मार्करने लिहून ठेवलं.