बाई, भर्तृहरी आणि झेंड्याची सावली

स्मरणिकेसाठी लिहा, असं समितीचं पत्र आलं. शाळेबद्दल लिहायला बसलो, पण लेखणी काही संस्कृतच्या बाईंना सोडून पुढे सरकेना. सहली, स्नेहसंमेलनं यांवर बाकीचे लिहितीलच. बाईंचं नावही सांगायला नको. आठवीत संस्कृत घेतलेल्यांना नुसतं 'बाई' म्हटलं तरी पुरे.

सुभाषितं म्हणजे पाठ करा, अन्वय लावा, मार्क घ्या. आमच्याकडे भर्तृहरी या प्राचीन कवीच्या नीतिशतकातला 'आरम्भगुर्वी क्षयिणी क्रमेण' हा मैत्रीला सावलीची उपमा देणारा श्लोक आला, तेव्हा बाईंनी फळ्याला हातच लावला नाही. शनिवारची सकाळची शाळा होती. त्यांनी पीटीच्या सरांकडून फक्की मागून आणली आणि झेंड्याच्या खांबाची सावली जिथे संपत होती तिथे खूण केली, पार पाण्याच्या टाकीजवळ. मग दर तासाला एकेकाने पळत जाऊन नवी खूण करायची. शाळा सुटेपर्यंत सावली आखडत खांबाकडे सरकली. "ही दुर्जनांची मैत्री. सज्जनांची सोमवारी बघू," बाई म्हणाल्या. सोमवारी दुपारभर खांबाच्या दुसऱ्या बाजूला खुणा लांब लांब जात राहिल्या. कबड्डीच्या आखणीत त्या मिसळल्या म्हणून सर वैतागले, ते वेगळंच. एकाने विचारलं, "बाई, ढग आले तर?"

"तर भर्तृहरीला पत्र टाक."

'यस्यास्ति वित्तं स नरः कुलीनः' आम्ही भाबडेपणाने वहीत उतरवून घेतला होता. ज्याच्याकडे पैसा तोच कुलीन, तोच पंडित, तोच वक्ता, तोच देखणा. बाईंनी तोच श्लोक कमरेत वाकून, हात चोळत, लाचार आवाजात म्हणून दाखवला. वर्ग खो खो हसला. तो टोमणा आहे, हे वेगळं सांगावं लागलं नाही. पुढे माझी नोकरी बँकेच्या कर्ज विभागात गेली, शाखाधिकारी म्हणून निवृत्त झालो. बडा खातेदार केबिनमध्ये शिरला आणि खुर्च्या सरकू लागल्या, की बाईंचा तो आवाज हमखास कानात यायचा. त्या आवाजामुळे काही प्रकरणं मी नाकारू शकलो, हे इथे अभिमानाने सांगतो.

बाई 'भर्तृहरीने लिहिलंय' असं म्हणत नसत. 'भर्तृहरीच्या नावावर आहे' म्हणत. ती सावधगिरी कशासाठी, हे फार उशिरा समजलं. दामोदर कोसंबी मूळचे गणिती. त्यांनी ढीगभर हस्तलिखितं ताडून या श्लोकांची चिकित्सक आवृत्ती १९४८ साली काढली. कुठला श्लोक जुना, कुठला मागून घुसलेला, हे त्यात तपासलेलं आहे. आठवीच्या पोरांपुढेही बाई तेवढं भान ठेवून बोलत होत्या.

आता बहुतेक मुलं संयुक्त घेतात, निम्मं हिंदी, निम्मं संस्कृत. पन्नास मार्कांत सावल्या मोजायला वेळ कुठला? खांबाच्या जागी नवं सभागृह झालंय, देखणं आहे. दारातच संगमरवरावर देणगीदारांची नावं आहेत आणि वर सोनेरी अक्षरांत 'सर्वे गुणाः काञ्चनमाश्रयन्ते', सगळे गुण सोन्याच्या आश्रयाला; त्याच टोमण्याच्या श्लोकाची शेवटची ओळ. ही ओळ सुचवणारा आपल्या शाळेचा असेलही, पण बाईंच्या वर्गातला खचितच नसणार.