२३ तास बूट, १ तास आंघोळ

एमटीएनएलमधल्या माझ्यासारख्या हजारो जणांनी २०२० च्या जानेवारीत व्हीआरएस घेऊन एकदमच घर गाठलं, त्यानंतर काय करायचं हा प्रश्न मला बरेच दिवस पडलाच नाही कारण आधी लॉकडाऊन आणि मग सासूबाईंचं आजारपण. त्या गेल्यावर मात्र दुपार खायला उठायची. वसईतली माझी एक ख्रिश्चन मैत्रीण आहे गिरीजची, ती म्हणाली सिस्टरांच्या (म्हणजे ननच्या) शिशुगृहात, आईबाप नसलेली बाळं ठेवतात तिथे, हात कमी पडतात, येतेस का. म्हटलं येते. तिथेच वाकड्या पावलांचं एक बाळ भेटलं, ही गोष्ट त्याची.

मला वाटलं होतं उद्यापासून सुरू. कसलं काय! अर्ज, आधार, ओळखीच्या माणसांची पत्रं, डॉक्टरचं सर्टिफिकेट, छातीचा एक्सरे आणि वर पोलीस व्हेरिफिकेशन. तेव्हा वैताग आला होता, आता वाटतं असंच पाहिजे, लहान मुलांच्या जागेत कोणीही उठून "मला सेवा करायची आहे" म्हणत आत शिरलं तर कसं चालेल. सिस्टरांनी पहिल्या दिवशी सांगितलं, फोटो नाही, स्टेटस नाही, नाव कुठे लिहायचं नाही. बाल न्याय कायदा २०१५ चं कलम ७४ त्यांना पाठ आहे, मुलाची ओळख उघड करणं गुन्हा आहे. म्हणून इथे नुसतं 'बाळ' म्हणणार, मुलगा की मुलगी तेही सांगणार नाही.

सोसायटीत सगळ्यांचा पहिला प्रश्न एकच, "तिकडे बाप्तिस्मा वगैरे देतात का गं?" मी जे पाहिलं ते सांगते. बाळ आलं की २४ तासांच्या आत बाल कल्याण समितीपुढे न्यावं लागतं, त्याची फाइल होते, पुढे ते कोणाच्या घरी दत्तक जाणार हे सिस्टर ठरवत नाहीत, कारा नावाची सरकारी संस्था आहे तिच्या वेटिंग लिस्टप्रमाणे होतं. माझ्या काळात तिथून गेलेली बहुतेक बाळं हिंदू घरांतच गेली. एवढं सांगून पण ज्यांना शंका घ्यायची ते घेतातच, सोडून द्या.

तर हे बाळ आलं तेव्हा जेमतेम दोन-तीन आठवड्यांचं असेल. दुपट्यातून बाहेर काढलं आणि दोन्ही पाऊलं आत वळलेली, तळवे एकमेकांकडे बघतायत असे, टाच वर ओढलेली. क्लबफूट. रात्रपाळीच्या मावशी लगेच म्हणाल्या, आईने ग्रहणात भाजी चिरली असणार. दुसऱ्या मावशी म्हणाल्या रिट्रीटला, म्हणजे चर्चच्या प्रार्थना-शिबिराला नेऊया, तिकडे आरोग्यप्रार्थना होते, अमक्याचा लंगडा पोरगा चालायला लागला. तिथे एक सिस्टर आहेत, शिकलेल्या नर्स आहेत, सगळे त्यांना डॉक्टरसिस्टरच म्हणतात, जन्म नंदाखालचा, बोलणं एकदम सरळ. त्या बाळाचं पाऊल हातात धरून वळवून बघत होत्या, वर न बघता म्हणाल्या, "प्रार्थना इथे पण होते. प्लास्टर इथे होत नाही. सोमवारी कोण येतंय माझ्याबरोबर?"

मी रिकामी. मी गेले.

वसईवरून सकाळची लोकल म्हणजे काय ते वसई-विरारकरांना सांगायला नको. बाळ माझ्याकडे, फाइल आणि बाटल्यांची बॅग सिस्टरांकडे. त्यांचा पांढरा झगा बघून लेडीज डब्यात जागा मिळाली पण प्रश्नही मिळाले, कोणाचं बाळ, आई कुठे. सिस्टर सगळ्यांना एकच उत्तर द्यायच्या, "आमचं आहे." मग प्रभादेवीला उतरून परळच्या हॉस्पिटलात. केसपेपर काढायचा, लाइन लावायची, क्लबफूटचा ठरलेला वार असतो त्या दिवशी अख्खा कॉरिडॉर असल्याच बाळांनी भरलेला. तिथे मला पहिल्यांदा कळलं की ही किती कॉमन गोष्ट आहे, साधारण ८०० ते १००० बाळांत एक. आणि ग्रहणाशी कशाचा काही संबंध नाही.

पद्धत पोन्सेटी नावाच्या डॉक्टरांची. मूळ स्पेनचे, घड्याळं दुरुस्त करणाऱ्याचा मुलगा, अमेरिकेत आयोवाला आयुष्य गेलं, २००९ मध्ये वारले. हे मला डॉक्टरसिस्टरांनी लाइनीत उभं असताना सांगितलं. आधी अशा मुलांची मोठमोठी ऑपरेशन्स व्हायची, पाय सरळ दिसायचे पण मोठेपणी ताठर आणि दुखरे. या माणसाने सांगितलं कापू नका, बाळाची हाडं अजून कोवळी आहेत, हाताने हळूहळू वळवा, वळवलं तिथे प्लास्टरने आठवडाभर धरून ठेवा, मग आणखी थोडं वळवा.

प्लास्टरची गंमत अशी की ते नुसत्या पावलाला नाही, बोटांपासून पार जांघेपर्यंत, गुडघा काटकोनात वाकवून. छोटं घातलं तर बाळ लाथ मारून काढून टाकतं. एक डॉक्टर पाऊल धरून ठेवणार, दुसरा आधी कापूस मग प्लास्टर गुंडाळणार, आणि माझं काम बाळाच्या तोंडात बाटली धरायची, म्हणून सकाळचं दूध मुद्दाम मागे ठेवायचं, भुकेलं बाळ बाटलीत गुंतलं की पाय सैल सोडतं. पहिलं प्लास्टर झाल्यावर मला धस्सच झालं, पाऊल आणखीनच वाकडं दिसत होतं! डॉक्टर म्हणाले तसंच दिसतं, आधी तळव्याची खोल कमान सोडवायची, मग पुढचा भाग बाहेर, टाच सगळ्यात शेवटी.

शिशुगृहात परत आल्यावर खरं काम. बोटं दिसली पाहिजेत, गुलाबी आणि कोमट असली पाहिजेत, दाबून सोडलं की रंग परत आला पाहिजे, दर काही तासांनी बघायचं आणि वहीत लिहायचं. निळी पडली किंवा आत गेली तर तडक हॉस्पिटल. शू प्लास्टरच्या वरच्या काठात जाते, मग वास, मग कातडी सोलते, म्हणून लंगोट सारखे बदला. आणि पुढच्या तारखेच्या सकाळी प्लास्टर भिजवून काढायचं, कोमट पाण्यात थोडं व्हिनेगर, ओला टॉवेल गुंडाळून ठेवायचा. रिट्रीटवाल्या मावशी टॉवेल गुंडाळला की रोझरी (जपमाळ) घेऊन बसायच्या, दहा-दहाची पाच आवर्तनं नमो मारिया पूर्ण झाली की म्हणायच्या आता बघा, आणि खरंच टोक सुटलेलं असायचं. आठवड्यातली तेवढीच एक धड आंघोळ मिळायची बाळाला, पाण्यात असे पाय झाडायचं की आम्ही सगळ्या ओल्या.

पाच-सहा प्लास्टरमध्ये बहुतेकांचं पाऊल बाहेर येतं, आमचं पण आलं. मग टाचेच्या मागची शीर (रक्ताची नाही, स्नायूला टाचेशी जोडणारी दोरी), तिला छोटा छेद द्यावा लागतो, बहुतेक बाळांना लागतोच, जागा बधीर करून काही मिनिटांत होतं आणि शेवटचं प्लास्टर ३ आठवडे राहतं, तेवढ्यात ती शीर लांब होऊन परत भरून येते. डॉक्टरांच्या दृष्टीने किरकोळ काम, पण आमच्याकडे सही कोण करणार? आईबाप नाहीत. समितीला पत्र, हॉस्पिटलचं पत्र, अधीक्षकांची सही, शिक्का. तारीख हुकते की काय अशी वेळ आली होती. त्या आठवड्यात मी विरारच्या जीवदानीला नवस बोलले, रोपवेने नाही, पायऱ्या चढून येईन म्हणून. सिस्टरांना सांगितलं तर म्हणाल्या, "चढा ना ताई, गुडघ्यांना पण बरं. येताना समितीच्या ऑफिसात डोकावून या."

आणि मग बूट. सगळ्यांना वाटतं प्लास्टर निघालं, पाय सरळ झाले, संपलं. तिथेच तर चुकतं. दोन छोटे बूट, मधे एक पट्टी, पाय बाहेरच्या बाजूला वळवून बांधून ठेवणारी. पहिले ३ महिने दिवसाचे २३ तास, त्यानंतर झोपेत, वयाच्या ४-५ वर्षांपर्यंत रोज रात्री. हे नाही केलं तर पाय परत वळतात, आणि परत येणाऱ्या बाळांत बहुतेकांचं कारण हेच, बूट नीट घातलेच नाहीत. पहिल्या काही रात्री बाळ रडून रडून लाल. दोन्ही पाय जोडलेले, एक एकटा हलवता येत नाही ना. आम्ही पट्टी धरून दोन्ही पाय एकदम वाकवायचा-सरळ करायचा खेळ शिकवला, पट्टीला जुन्या चादरीचा कपडा गुंडाळला कारण ती पाळण्यावर आपटली की शेजारची चार बाळं उठायची.

एका रात्री रात्रपाळीच्या मावशींना दया आली आणि त्यांनी बूट काढले. पहाटे डॉक्टरसिस्टर बघायला आल्या तर बाळ पाय पसरून गाढ. अशा ओरडल्या की गेटवरच्या वॉचमनला ऐकू गेलं, मावशी रडायला लागल्या. संध्याकाळी मिस्सेनंतर (चर्चमधल्या उपासनेनंतर) सिस्टरांनी सगळ्यांसमोर मावशींची माफी मागितली, ओरडण्याबद्दल. बुटाबद्दल नाही! लगेच रात्रीचा तक्ता भिंतीला लागला, १० ला, २ ला, ५ ला बघायचं आणि सही करायची.

सुट्टीचा तो एक तास पण त्यांनी बरोबर बसवला होता. संध्याकाळी बूट काढायचे, मालिश, आंघोळ, आणि रोझरी सुरू व्हायच्या आत बूट परत पायात. सिस्टरांचा दिवस तसाही घंटेवर चालतो, पहाटेची प्रार्थना, मिस्सा, दुपारी घंटा, संध्याकाळी रोझरी, आज मूड नाही म्हणून कोणी चुकवत नाही. मी देव मानते पण सोयीने, चतुर्थी लक्षात राहिली तर धरते. मला आधी ते जरा यांत्रिक वाटायचं, खरं सांगते. पण बाळाचे २३ तास ज्यांना जड गेले नाहीत त्या याच, आम्हा घरच्या बायकांना "आज राहू दे, किती रडतंय" व्हायचं. चमत्कारावर त्या बोलतच नाहीत. सप्टेंबरात रिट्रीटवाल्या मावशी वांद्र्याच्या माउंट मेरीच्या जत्रेतून आल्या, तिथे मेणाचे हात-पाय मिळतात अर्पण करायला, त्यांनी पाय अर्पण केले होते आणि आणखी एक जोडी इकडे घेऊन आल्या. एकदम सरळ, गुळगुळीत पाय. डॉक्टरसिस्टरांनी काही न बोलता ते कपाटात बुटांच्या शेजारी ठेवले, आणि मावशींना विचारलं, आज सही केलीत का.

नवस मी फेडला, गुडघे आठवडाभर बोलत होते.

आता एक सांगते, कोणाच्या घरी असं बाळ असेल तर. नुसत्या तेल-मालिशीवर राहू नका, मोठं झाल्यावर बघू म्हणू नका, पहिल्या काही आठवड्यांत सुरू केलं तर सोपं जातं. बऱ्याच सरकारी हॉस्पिटलांत क्लबफूटची ओपीडी असते आणि प्लास्टर-बूट फुकट मिळतात, विचारा. आणि बूट घालताना टाच पूर्ण खाली टेकली पाहिजे, मागे एक भोक असतं त्यातून दिसते, मधला पट्टा आधी आवळायचा. टाच वर राहिली तर २३ तास घालून पण शून्य.

बाळ कायद्याने दत्तक द्यायला मोकळं झाल्याचं समितीने जाहीर केलं, स्पेशल नीड्सच्या (विशेष काळजी लागणाऱ्या मुलांच्या) यादीत गेलं आणि मला वाटलं होतं त्यापेक्षा पटकन आईबाप मिळाले, लांबच्या राज्यातले. आता शेवटची ऑर्डर कोर्टाऐवजी जिल्हाधिकाऱ्यांकडून येते, २०२२ पासून, पण त्याआधी बाळाला घरी नेता येतं. २३ तासांचे थोडे आठवडे अजून बाकी होते. म्हणून त्या दोघांना आम्ही दोन दिवस बसवून शिकवलं. बाबांना टाच काही बसवता येईना, बाळ मुद्दाम बोटं आवळून घ्यायचं आणि खिदळायचं, आईला मात्र दुसऱ्याच वेळी जमलं. मावशींनी पट्टीला नवा कपडा शिवून दिला, मी वहीतलं सगळं हिंदीत उतरवून दिलं, सिस्टरांनी त्यांच्या गावाजवळची ओपीडी शोधून वार लिहून दिला. निघताना बाबांनी भीत भीत विचारलं, रेल्वेचा प्रवास दीड दिवसाचा आहे, तेवढ्यापुरते काढून ठेवले तर?

आम्ही तिघी एकदमच ओरडलो, "नाही!"