दुसऱ्याच्या वावरातून जाणारी वाट

उत्तर इंग्लंडमधल्या मॅलम गावात पहिल्याच सकाळी मी एका गोठ्यापाशी थबकले. लाकडी खांबावर पिवळा बाण होता आणि तो सरळ घर आणि गोठ्याच्या मधल्या बोळाकडे रोखलेला. म्हणजे कुणाच्या तरी अंगणातून जायचं. माझ्या बाबांचं वावर काटोलकडे आहे. न विचारता दुसऱ्याच्या धुऱ्यावर पाय ठेवला की काय होतं, ते लहानपणापासून बघत आले आहे. मागून लेक म्हणाली, "आई, ही वाटच आहे, चल." तेवढ्यात घरातून शेतकरी बाहेर आला, "मॉर्निंग" म्हणाला आणि फाटक कुठे आहे ते हाताने दाखवून आपल्या कामाला गेला.

मे महिन्यात नागपुरातून निघायला कारण लागत नाही. लेक लीड्सला असते, म्हणून यंदा आम्ही दोघं तिच्याकडे गेलो आणि बरेचसे दिवस आसपासच्या खेड्यांत काढले. परतल्यावर मैत्रिणी विचारतात, काय काय पाहिलं? मी सांगते, वाटा पाहिल्या.

इंग्लंड आणि वेल्समध्ये मिळून अशा सार्वजनिक वाटा सुमारे 2 लाख 25 हजार किलोमीटर आहेत. जमीन खाजगी, पण वाटेवर हक्क चालणाऱ्याचा. पिवळा बाण म्हणजे फक्त पायी, निळा असेल तर घोडा आणि सायकलही चालते. शेताच्या मधून जाणारी वाट शेतकऱ्याला नांगरता येते, पण पेरणीसाठी नांगरली तर 14 दिवसांत ती पुन्हा चालण्याजोगी करून द्यावी लागते. हे कळलं तेव्हा मला आमची पांधण आठवली. ती दरवर्षी दोन्ही बाजूंनी नांगराच्या एकेका तासाने आत सरकते.

जाणार असाल तर ऑर्डनन्स सर्व्हे या तिथल्या सरकारी नकाशा संस्थेचा, 1:25,000 प्रमाणाचा, नारिंगी मुखपृष्ठाचा नकाशा आधी घ्या. मी तीस वर्षं भूगोल शिकवला, पण इतका बोलका नकाशा हातात धरून कधी चालले नव्हते. पाऊलवाटा हिरव्या तुटक रेषांनी दाखवलेल्या, शेताची एकेक भिंतसुद्धा त्यात आहे.

या भिंतींवर मला वेगळं लिहायला हवं. चुना नाही, सिमेंट नाही. दगडाच्या दोन रांगा एकमेकींकडे किंचित कललेल्या, मधे बारीक दगडांची भर, आणि ठरावीक उंचीवर दोन्ही रांगांना धरून ठेवणारे आडवे लांब दगड. शेकडो वर्षं उभ्या आहेत. त्यातल्या पुष्कळशा अठराव्या-एकोणिसाव्या शतकात गावाच्या सामायिक जमिनी वाटून, कुंपणं घालून खाजगी केल्या तेव्हाच्या. म्हणजे भिंत सुंदर आहे, पण तिच्यामुळे कुणाचं तरी चराईचं रान गेलेलं आहे. मेंढ्यांसाठी खाली चौकोनी भोक आणि माणसांसाठी दगडी पायऱ्या ठेवलेल्या असतात. यांचे गुडघे दुखतात, तरी त्या पायऱ्या हे हळूहळू चढले. फाटक उघडलंत तर लावून घ्या, कुत्रा असेल तर दोरीला ठेवा, एवढंच तिथे पाळायचं.

मॅलमचा कडा सुमारे 80 मीटर उंच, चुनखडीचा, अर्धगोल वळलेला. हिमयुग सरताना वितळलेल्या बर्फाचं पाणी त्यावरून कोसळत असे. आता तो कोरडा असतो. 2015 च्या डिसेंबरातल्या वादळात मात्र तो थोडा वेळ पुन्हा वाहिला. वर मॅलम टार्न तळ्यातून निघालेला ओढा थोडं अंतर चालून जमिनीत गडप होतो आणि पार गावाच्या खाली बाहेर येतो. कड्याच्या पायथ्याशी निघतं ते पाणी वेगळ्याच ठिकाणाहून येतं. वर्गात फळ्यावर चुनखडीचा प्रदेश काढताना मला हे ठाऊक असतं, तर मुलांना किती मजा आली असती! माथ्यावर फरशी घातल्यासारखे सपाट दगड आहेत आणि मधल्या खोल भेगांत नेचे उगवलेले. पाऊस पडून गेला असेल तर दगड निसरडे होतात, बूट घोट्याच्या वर येणारेच हवेत.

चालणं जमत नसेल तर लीड्सहून सेटल-कार्लाइलची गाडी धरा आणि रिबलहेडला उतरा. 24 कमानींचा रेल्वेपूल स्टेशनजवळच आहे.

ग्रासमीरला कवी वर्ड्सवर्थचं घर पाहिलं, 1854 पासून तिथे मिळणारी आल्याची वडी खाल्ली. यांच्या हट्टाखातर कॉट्सवोल्ड्स या टेकड्यांच्या भागातल्या बायबरी गावालाही गेलो. तिथली आर्लिंग्टन रो ही घरांची ओळ म्हणजे चौदाव्या शतकातलं लोकरीचं कोठार, सतराव्या शतकात विणकरांची घरं झालेलं. घरं देखणी आहेत, पण आत माणसं राहतात आणि लोक खिडक्यांसमोर फोन धरून उभे. मला तिथे थांबवेना.

खेड्यातल्या पबमध्ये दुपारी अडीचनंतर चूल बंद होते, असं दोनदा झालं. तिखटमिठाच्या पुऱ्या सोबत होत्या म्हणून निभावलं. तुम्हीही न्या.

एक दिवस मात्र पीक डिस्ट्रिक्ट या डोंगराळ भागातल्या ईडेल गावासाठी ठेवाच. तिथून किंडर स्काउटचं पठार चढता येतं. 24 एप्रिल 1932 ला पठाराच्या पलीकडच्या बाजूने चारएकशे माणसं ठरवून, बंदी मोडून वर चढली, त्यात मँचेस्टरचे तरुण कामगार बरेच होते. ज्यांची शिकार करायची त्या पक्ष्यांसाठी ते रान राखलेलं होतं. पाच जणांना तुरुंग झाला. 1949 मध्ये राष्ट्रीय उद्यानांचा कायदा आला, 1951 मध्ये याच भागात देशातलं पहिलं राष्ट्रीय उद्यान झालं, आणि मोकळ्या रानात फिरण्याचा हक्क कायद्यात यायला 2000 साल उजाडलं. मी अर्ध्यापर्यंतच चढू शकले. तिथे एका दगडावर बसून बराच वेळ खालची शेतं बघत राहिले.

आल्यावर भावाला फोन करून आमच्या गावनकाशाची प्रत मागवली. त्यावर आमची पांधण आहे, स्पष्ट आहे. प्रत्यक्षात ती तिसऱ्या वावराशी बाभळीच्या काट्यांनी बंद होते. पाऊस उघडला की भाऊ आणि मी नकाशा घेऊन तिथवर चालत जाणार आहोत.