मनातलं झाड

झोप लागत नसली की मी मनातल्या मनात एक झाड लावतो. खड्डा नको, खत नको, पाणी घालायची कटकट नको. त्याचं बारसं मात्र अजून झालेलं नाही, कारण रोज रात्री त्यात काहीतरी दुरुस्ती निघते.

पहिली अक्कल फणसाकडून उसनी घेतली. वीस-वीस किलोची धुडं फांदीच्या टोकाला न लोंबवता तो थेट खोडावर वागवतो. माझ्या झाडाची फळंही तशीच, उभ्या उभ्या हाताला लागणारी. दुसरी गोष्ट काजूची: बी बाहेर, गर मोकळा. (ते बोंड म्हणजे फुगलेला देठ, खरं फळ बाहेरची बी, असं वनस्पतिशास्त्र सांगतं. सांगू दे.) बीच्या टरफलातला कातडी भाजणारा चीक तेवढा वगळला.

मग हाव सुटली. एकाच झाडावर सगळी फळं का नकोत? सॅम व्हॅन एकेन नावाच्या अमेरिकन शिल्पकाराने 2008 पासून कलमं बांधून एका झाडावर 40 प्रकारची फळं धरवण्याचा उद्योग केलाय. पण पीच, जर्दाळू, आलुबुखार, चेरी ही सगळी एकाच भाऊबंदकीतली. आंब्यावर द्राक्षाचं कलम जीव धरत नाही. झाडंही सोयरीक गोत बघून करतात. तो बेत सोडला.

फळ उतरवायची रीत मात्र फार आवडती आहे. तळहातात धरायचं, जरासा पीळ द्यायचा. पिकलं असेल तर देठाशी टच् होऊन अलगद सुटतं. अडलं, तर ओढायचं नाही, उद्या यायचं. लाकडाचे उपयोग मी ठरवलेच नाहीत. कोण कापणार?

एका रात्री वाटलं, बी तरी कशाला हवी? काढून टाकली. तर झाडाने फळच धरलं नाही. त्याचंही बरोबर आहे. गर म्हणजे बी लांब नेऊन टाकणाऱ्याची मजुरी. ओझंच नसेल तर हमाली कशाची द्यायची?

बी मुकाट्याने परत बसवली. तशी पाखरं आली. त्यांत पोपट! हा गडी बीच फोडून खातो, म्हणजे मजुरी घेऊन वर मालही गिळणारा. शिवाय अर्धं कुरतडून अर्धं खाली. त्याला हाकलता हाकलता पहाट झाली.